पीएफ-पेन्शनच्या बदलावर संसदेत जाब कसा विचारायचा: निवेदनानंतरच्या पायऱ्या, क्रमाने

ईपीएफओने (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने) नियम बदलला की आपल्याकडे काय होतं ते ठरलेलं आहे. संघटना निवेदन लिहिते, शिष्टमंडळ खासदारांना भेटतं, फोटो निघतो, खासदार मंत्र्यांना पत्र देतात आणि पत्राची प्रत व्हॉट्सॲपवर फिरते. सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर उत्तर मिळतं, ‘साहेबांनी पत्र दिलंय.’

पत्र देण्यात वाईट काही नाही. पण सरकारी यंत्रणेतल्या बदलावर देखरेख ठेवण्याची संसदेची हत्यारं वेगळी आहेत. प्रत्येकाला मुदत आहे, शब्दमर्यादा आहे, अटी आहेत. शिवाय एक मार्ग वापरला की दुसरा बंद होऊ शकतो. याचिका आधी आणि प्रश्न नंतर, किंवा कोर्ट आधी आणि याचिका नंतर, असा उलटा क्रम लावल्यामुळे चांगली प्रकरणं अडकून पडतात. साखर कारखाने, एसटी, सूतगिरण्या, सहकारी संस्था इथून निवृत्त झालेल्यांच्या संघटनांसाठी हा क्रम इथे मांडतो आहे. उदाहरणं ईपीएफओची आहेत. केंद्राच्या इतर लाभयोजनांनाही, तपशिलाचा फरक सोडला तर, हाच रस्ता लागू पडतो.

## टप्पा १: बदल नेमका कुठल्या कागदात आहे?

बातमी हा कागद नव्हे. बदल चारपैकी एका ठिकाणी असतो.

विश्वस्त मंडळाचा निर्णय. ईपीएफओचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष केंद्रीय कामगार मंत्री असतात. १३ ऑक्टोबर २०२५ च्या २३८ व्या बैठकीत मंडळाने रक्कम काढण्याच्या १३ तरतुदी एकत्र करून तीन गट केले, वर्गणीच्या २५ टक्के रक्कम किमान शिल्लक ठेवायचं ठरवलं, आणि नोकरी सुटल्यावर खातं पूर्ण रिकामं करण्याआधी थांबण्याची मुदत २ महिन्यांवरून १२ महिने, तर पेन्शनची रक्कम काढण्याआधी थांबण्याची मुदत २ महिन्यांवरून ३६ महिने केली. त्याच संध्याकाळी ‘नियम लागू’ असे मेसेज सुरू झाले. पण योजनेच्या तरतुदी बदलायच्या तर सरकारला अधिसूचना काढावी लागते. मंडळाने मंजूर करणं आणि नियम लागू होणं या दोन वेगळ्या तारखा आहेत.

राजपत्रातली अधिसूचना. उदाहरणार्थ, २२ ऑगस्ट २०१४ ची. तिने १ सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनसाठीची वेतनमर्यादा ६,५०० वरून १५,००० रुपये झाली. अशी अधिसूचना दोन्ही सभागृहांच्या पटलावर एकूण ३० दिवस ठेवावी लागते. ही तरतूद कायद्यातच आहे, आणि संसदेचा हात खऱ्या अर्थाने इथे पोचतो.

परिपत्रक. मुख्यालय क्षेत्रीय कार्यालयांना सूचना देतं. ती पटलावर येत नाही. पण परिपत्रकाने योजनेत नसलेली अट घुसवली असेल तर तो मोठा मुद्दा असतो.

कामाची पद्धत किंवा संगणक प्रणाली. १ जानेवारी २०२५ पासून देशभर केंद्रीकृत पेन्शन वितरण सुरू झालं आणि पेन्शन कुठल्याही बँकेत घेता येऊ लागली. नियम तोच, व्यवस्था नवी. इथे प्रश्न आकडे आणि अंमलबजावणी यांबद्दलच विचारता येतो.

> तपासा: कागदाचा प्रकार, क्रमांक, तारीख आणि कुठल्या कलमाखाली तो काढला, या चार गोष्टी एका ओळीत लिहिता येतात का? भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आणली गेली. त्यामुळे कलम जुन्या कायद्याचं आहे की संहितेचं, हे अधिसूचनेच्या पहिल्याच परिच्छेदात पाहून घ्या. ही ओळ जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: वैयक्तिक तक्रार वेगळी काढा

‘माझा दावा आठ महिने अडकलाय’ हे संसदेचं काम नाही. त्यासाठी ईपीएफओचं तक्रार पोर्टल आहे, आणि दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरणारं ‘निधी आपके निकट’ शिबिर आहे. संसदीय स्थायी समित्या मंत्रालयाच्या रोजच्या कारभारात शिरत नाहीत. नियमच तसा आहे.

पण अशा तक्रारी फेकूनही देऊ नका. एकाच कारणाने फेटाळलेले दावे एकत्र केले तर धोरणाचा मुद्दा दिसू लागतो. तक्ता करा: क्षेत्रीय कार्यालय, दाव्याचा प्रकार, फेटाळण्याचं कारण (त्यांच्याच शब्दांत), तारीख.

> सावधान: या तक्त्यात नावं, यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक), पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक, बँक खातं यातलं काही घालू नका. कागद दहा हातांतून जातो.

## टप्पा ३: आधी काय विचारलं गेलंय ते शोधा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि प्रश्न नाकारला जाण्याचं एक मोठं कारण तेच असतं. ज्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं आहे तो पुन्हा घेतला जात नाही. सहज मिळणाऱ्या कागदपत्रांत असलेली माहितीही विचारता येत नाही.

संसदेच्या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांची प्रश्नोत्तरं आहेत. मंत्रालय ‘श्रम और रोजगार’ निवडा आणि हिंदी-इंग्रजी दोन्ही शब्दांनी शोधा. गेल्या दोन वर्षांची उत्तरं उतरवून घ्या. प्रत्येकावर प्रश्न क्रमांक, तारीख आणि ‘सरकारने काय सांगितलं नाही’ अशी एक ओळ लिहा. तुमचा नवा प्रश्न त्या शेवटच्या ओळीतून निघणार आहे.

तीन गोष्टी आणखी पाहा:

- समितीचे जुने अहवाल. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्ये ईपीएस-९५ वर (१९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेवर) अहवाल दिला होता. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. किमान पेन्शन ३,००० रुपये करावी, असं समितीने म्हटलं. पुढच्या वर्षी मिळाले १,०००. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, याची ही आठवण ठेवूनच पुढचं वाचा.
- ईपीएफओचा वार्षिक अहवाल. हिशेबाचं लेखापरीक्षण नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) करतात आणि अहवाल संसदेत ठेवला जातो. अर्धे आकडे तिथेच सापडतात.
- कोर्ट. न्यायप्रविष्ट विषयावर प्रश्न घेतला जात नाही. वाढीव पेन्शनच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ ला लागला. निकालाच्या अंमलबजावणीबद्दल विचारता येतं, चालू खटल्याच्या गुणदोषांबद्दल नाही.

जे आकडे कुठेच नाहीत, त्यासाठी आताच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘ही माहिती ठेवली जात नाही’ असं लेखी आलं तरी ते कामाचंच आहे.

## टप्पा ४: प्रश्न लिहा. निवेदन नव्हे, प्रश्न.

खासदारांच्या कार्यालयात रोज निवेदनांचा ढीग येतो. तयार प्रश्न फार क्वचित येतो. पीएच्या टेबलावर तुमचा कागद वर राहायचा असेल तर प्रश्न नियमात बसवूनच न्या.

लोकसभेच्या अटी थोडक्यात: प्रश्न १५० शब्दांच्या आत. त्यात युक्तिवाद, आरोप, उपरोध, विशेषणं नकोत. मत विचारायचं नाही, काल्पनिक स्थितीबद्दल विचारायचं नाही.

आपल्याकडे लिहिला जाणारा नमुना:

> सरकारने कामगारांच्या घामाच्या पैशावर डल्ला मारून १२ महिने रक्कम अडकवण्याचा अन्यायकारक निर्णय घेतला आहे, हे खरे आहे काय, असल्यास, तो मागे घेणार का, असल्यास, कधी?

विशेषणं आणि आरोप यांवरच हा गळेल. समजा दाखल झालाच, तरी पहिल्या भागाला ‘नाही’ म्हटलं की पुढच्या दोन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तीन शब्द पुरतात. ‘असल्यास’ची साखळी म्हणजे मंत्रालयाला सुटायला दिलेली वाट.

तोच विषय असा:

> कामगार व रोजगार मंत्री पुढील माहिती देतील काय:
> (अ) केंद्रीय विश्वस्त मंडळाच्या १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत मंजूर झालेल्या रक्कम काढण्याच्या तरतुदींपैकी कोणत्या तरतुदी अधिसूचित झाल्या आहेत, अधिसूचनेचा क्रमांक व तारीख काय;
> (आ) सदर अधिसूचना दोन्ही सभागृहांच्या पटलावर कोणत्या तारखांना ठेवण्यात आल्या;
> (इ) गेल्या तीन वर्षांत नोकरी सुटल्याच्या कारणाने पूर्ण रक्कम काढणाऱ्या सदस्यांची वर्षनिहाय संख्या, महाराष्ट्र व गोव्यातील क्षेत्रीय कार्यालयनिहाय;
> (ई) त्यांपैकी १२ महिन्यांच्या आत पुन्हा सदस्य झालेल्यांची संख्या, आणि
> (उ) मुदतवाढीपूर्वी केलेल्या अभ्यासाचा तपशील काय, व अभ्यास केला नसल्यास त्याची कारणे काय?

प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा आहे. (अ) चं उत्तर काहीही आलं तरी (इ) ला आकडे द्यावे लागतात. आणि (उ) चं शेपूट मुद्दाम जोडलं आहे, म्हणजे ‘अभ्यास केला नाही’ म्हटलं तरी पुढे कारण सांगावं लागेल.

सोबत दोन पानांचं टिपण द्या. पहिल्या पानावर टप्पा १ ची ती ओळ, बदलाआधी काय होतं, नंतर काय झालं, कुणावर परिणाम. दुसऱ्या पानावर जुन्या उत्तरांची यादी आणि तुमचा तक्ता. पन्नास पानांची फाईल कुणी उघडत नाही. खासदाराचा पीए तर नाहीच नाही.

> तपासा: मसुदा मराठीत केला असेल तर त्याचा हिंदी किंवा इंग्रजी मसुदाही सोबत हवा. सभागृहात मराठीत बोलता येतं, पण प्रश्नाची नोटीस हिंदी-इंग्रजीत जाते. कार्यालयात घाईघाईने भाषांतर झालं की नेमके महत्त्वाचे शब्द हरवतात.

## टप्पा ५: खासदार आणि तारीख

महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ सदस्य आहेत. गोव्यातून २ आणि १. प्रश्न आपल्याच मतदारसंघाच्या खासदाराने विचारावा, असा नियम नाही. कामगार मंत्रालयाला याआधी कुणी प्रश्न विचारले ते टप्पा ३ मध्ये तुमच्या हाती आलेलंच आहे. त्यांच्याकडे जा. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे तुमचे खासदार मंत्री असतील तर नोटिशीसाठी दुसरे पाहा. पक्ष बघू नका. सत्ताधारी खासदाराचा साधा, आकडे मागणारा अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्नही तेवढंच काम करतो.

प्रश्नाची नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. मंत्रालयांचे वार वाटून दिलेले असतात, म्हणजे कामगार मंत्रालयाची पाळी आठवड्यातून एकदाच येते. अधिवेशनाचा कार्यक्रम जाहीर होताना प्रश्नांचा तक्ताही निघतो. त्यातून कामगार मंत्रालयाच्या तारखा आणि प्रत्येक तारखेची नोटिशीची शेवटची मुदत पीएकडून लिहून घ्या. चार आठवड्यांचं अधिवेशन असेल तर तुम्हाला फार तर चार संधी आहेत. नोटिसा मर्यादेपेक्षा जास्त येतात, म्हणून सोडत निघते. एकाच खासदारावर भिस्त ठेवू नका. तीन-चार खासदारांकडून, शब्द थोडे वेगळे ठेवून, नोटीस जाऊ द्या.

नेहमीची चूक: अधिवेशन सुरू झाल्यावर शिष्टमंडळ दिल्लीला जातं. जंतरमंतर, फोटो, परत. तोवर निम्म्या तारखांच्या नोटिशीची मुदत उलटलेली असते. कागद अधिवेशनाच्या तीन आठवडे आधी मतदारसंघातल्या कार्यालयात पोचलेला हवा.

## टप्पा ६: मार्ग निवडा

आकडे हवे असतील तर अतारांकित प्रश्न. लेखी उत्तर, परिशिष्टासह. लोकसभेत दिवसाला २३० लागतात.

सरकारची भूमिका वदवून घ्यायची असेल तर तारांकित. हे दिवसाला फक्त २० असतात आणि त्यातलेही मोजकेच तोंडी पुकारले जातात. पुकारला गेला तर पूरक प्रश्न विचारता येतो, म्हणून दोन पूरक प्रश्न चिठ्ठीवर तयार ठेवा. ऐन वेळी सुचत नाही.

मागणी मांडायची असेल तर लोकसभेत नियम ३७७ आणि राज्यसभेत विशेष उल्लेख. मजकूर २५० शब्दांच्या आत. मंत्रालयाकडून खासदारांना लेखी उत्तर येतं. ते आपोआप तुमच्यापर्यंत पोचत नाही, पीएकडे मागावं लागतं.

शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडण्याची वेळ) सगळ्यांचा लाडका, कारण व्हिडिओ मिळतो. पण मंत्र्यांवर तिथे उत्तर देण्याचं बंधन नसतं. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी, आणि हाती ठोस उत्तर किंवा आकडा असेल तरच.

## टप्पा ७: उत्तर आल्यावर

खरं काम इथून सुरू होतं. उत्तर संकेतस्थळावर येतं. मूळ प्रश्न शेजारी ठेवून भागवार खुणा करा: पूर्ण, अर्धवट, टाळलं.

आता शब्द नीट वाचा. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल’, ‘यात लक्ष घालू’ अशा वाक्यांना आपण गुळमुळीत उत्तर म्हणून सोडून देतो. संसदेच्या लेखी ती आश्वासनं आहेत. दोन्ही सभागृहांत सरकारी आश्वासन समिती आहे. आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचं, नाहीतर समितीकडे मुदतवाढ मागायची. उत्तराच्या दिवसापासून तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहा. ती उलटली की प्रश्न क्रमांक देऊन खासदारांकरवी समितीला पत्र जाऊ द्या. आंदोलनाच्या शंभर निवेदनांपेक्षा हे एक पत्र मंत्रालयाच्या संसदीय कक्षाला जास्त जाचतं, कारण प्रलंबित आश्वासनांची यादी त्यांना सांभाळावी लागते.

उत्तर अर्धवट असेल तर लोकसभेत अर्धा तास चर्चेची नोटीस देता येते. वेळ क्वचित मिळतो. त्याहून सोपं म्हणजे पुढच्या तारखेला फक्त टाळलेला भाग नव्याने विचारणं.

खासदारांच्या पत्राची जागाही इथेच आहे. ‘अमुक प्रश्नाच्या (इ) भागाचं उत्तर मिळालेलं नाही’ असं नेमकं पत्र. खासदाराच्या पत्राला मंत्रालयाने १५ दिवसांत पोच आणि पुढच्या १५ दिवसांत उत्तर द्यावं, अशी सरकारचीच सूचना आहे.

## टप्पा ८: समित्या, आणि त्या प्रश्नांनंतरच

समितीपुढे असलेल्या विषयावर सहसा प्रश्न घेतला जात नाही. म्हणून याचिका आधी टाकली तर आकडे मिळवण्याचं दार स्वतःच लावून घेतल्यासारखं होतं. आधी प्रश्नांतून जे मिळेल ते पदरात पाडून घ्या.

अधीनस्थ विधान समिती. बदल अधिसूचनेतून आला असेल तर ही. तिला धोरण चांगलं की वाईट हे सांगू नका, ते ती पाहत नाही. ती पाहते ते हे: मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर नियम गेलाय का, अधिकार नसताना मागच्या तारखेपासून लागू केलाय का, पटलावर ठेवायला उशीर झाला का. तुमचं टिपण या तीन मुद्द्यांपुरतं ठेवा. सर्वांत कमी वापरली जाणारी ही समिती आहे.

कामगारविषयक स्थायी समिती. ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. अर्थसंकल्पानंतर ती मंत्रालयाच्या अनुदान मागण्या तपासते. म्हणून टिपण जानेवारीतच सदस्यांच्या हाती पडलेलं बरं. शिफारशींवर काय केलं हे सरकारने तीन महिन्यांत कळवायचं असतं.

> सावधान: समितीला दिलेलं निवेदन समितीचा दस्तऐवज होतं. अहवाल सादर होण्याआधी ते ग्रुपवर किंवा वर्तमानपत्रात देऊ नका, विशेषाधिकारभंगाचा विषय होऊ शकतो. ‘आम्ही समितीला हे दिलं’ म्हणून पीडीएफ फिरवण्याची हौस इथे महागात पडते.

याचिका समिती. राज्याच्या विधिमंडळात हिला विनंती अर्ज समिती म्हणतात. इथे अर्ज तांत्रिक कारणांनीच जास्त पडतात. लोकसभेसाठी हे जपा:

1. विषय सार्वजनिक हिताचा हवा. ज्यावर कोर्टात, न्यायाधिकरणात किंवा कायद्याने अन्य ठिकाणी दाद मिळू शकते, तो चालत नाही. म्हणून ‘माझा दावा मंजूर करा’ नको, ‘योजनेच्या अमुक परिच्छेदात अशी दुरुस्ती करा’ असं हवं.
2. याचिका सभागृहाला उद्देशून, आणि शेवटी नेमकी मागणी.
3. मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर, त्यावरही याचिकाकर्त्याची सही.
4. प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही किंवा अंगठा.
5. ज्या कागदावर याचिका लिहिली आहे त्याच कागदावर किमान एक सही.
6. सह्यांचे कागद अनेक असतील तर प्रत्येकाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहिलेली हवी. कोऱ्या कागदांवर गोळा केलेल्या हजारो सह्या इथे वाया जातात.
7. पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं जोडायची नाहीत. जे सांगायचं ते मजकुरातच.
8. खासदारांमार्फत सादर करत असाल तर त्यांची प्रतिस्वाक्षरी.

कोर्टात जायचं ठरत असेल तर त्याची मुदत वकिलाकडून आधीच विचारून ठेवा. समितीत विषय आहे म्हणून ती थांबत नाही. उलट, खटला दाखल झाला की प्रश्न आणि याचिका दोन्हींवर न्यायप्रविष्टतेची आडकाठी येते, हे लक्षात घेऊनच दिवस ठरवा.

शेवटची तपासणी लोकसभेच्या मुदतीची. लोकसभा विसर्जित झाली की तिच्या समितीपुढची प्रलंबित याचिका संपते आणि नव्या सभागृहात सगळं पहिल्यापासून करावं लागतं. राज्यसभा विसर्जित होत नाही. निवडणूक वर्ष-दीड वर्षावर आली असेल तर याचिका राज्यसभेच्या समितीकडेच द्या.